समुद्रांत पेरलेलें लोखंड

व्यापाराचा जुना दंडक असा आहे कीं, घेणाऱ्यानें माल पाहून, पारखून व मोजून घ्यावा. धान्य घेतांना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतात, सोनें कसास लावतात, कापडाचा पोत बोटांनीं चाचपतात. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगाच्या बाजारांत एक असा माल आला आहे कीं, जो घेणाऱ्याच्या हातीं कधींच पडत नाहीं. किंबहुना तो त्याच्या हातीं न पडणें यांतच त्या मालाचें सार आहे. हवेंतून काढून घेतलेला कर्बाम्लवायु, ज्यास आज सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो हा माल होय. विकणारा म्हणतो, ‘मीं इतके टन वायु हवेंतून काढून अशा ठिकाणीं ठेवला आहे कीं, तेथून तो शेंकडों वर्षें परत येणार नाहीं.’ घेणारा त्याच्या शब्दावर पैसे मोजतो व त्याबद्दल त्यास एक पावती मिळते. ही पावती खरी कीं खोटी हें कोणीं ठरवावयाचें, आणि ज्या जागीं तो वायु ठेवला म्हणतात त्या जागेवर सत्ता कोणाची, हे दोन प्रश्न दिसावयास साधे आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें ठरण्यापूर्वींच व्यवहारास आरंभ झाला म्हणजे काय घडतें, याचा एक बोधप्रद इतिहास आहे. तो इतिहास समुद्रांत लोखंड पेरण्याचा असून त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण गोव्याच्या किनाऱ्यावरील एका संस्थेशीं निगडित आहे. म्हणून तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हवेंतून हा वायु काढण्याची गरज कां पडावी, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कोळसा जाळल्यानें हवेंत हा वायु वाढेल आणि त्यायोगें पृथ्वीची उष्णता वाढेल, असें गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनीं १८९६ सालींच मांडलें होतें. १९५८ सालीं अमेरिकेचे चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर या वायूचें नियमित मोजमाप सुरू केलें, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचें प्रमाण सुमारें ३१५ होतें. २०२४ सालीं तें ४२० च्या वर गेलें. धुराडीं उद्यां बंद पडलीं तरी हवेंत सांचलेला वायु लागलाच नाहींसा होत नाहीं. यामुळें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय हवामान मंडळानें आपल्या अहवालांत स्पष्ट म्हटलें कीं, तापमानाची वाढ दीड अंशावर रोखावयाची तर एकविसाव्या शतकांत शंभर ते एक हजार अब्ज टन वायु हवेंतून परत काढावा लागेल. तात्पर्य, गरज खरी आहे. आणि जेथें गरज खरी असते तेथेंच खोट्या मालाला गिऱ्हाईक सांपडतें, हें सांगण्यास अर्थशास्त्राचा पंडित लागत नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. समुद्राच्या पृष्ठभागीं डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति तरंगत असतात. झाडांप्रमाणेंच त्याही सूर्यप्रकाशांत कर्ब ग्रहण करून वाढतात. दक्षिण महासागरांत या वनस्पतींना लागणारें नत्र व स्फुरद विपुल असूनही त्या तेथें विरळ कां, हें एक जुनें कोडें होतें. कॅलिफोर्नियांतील मॉस लँडिंग येथील समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनीं त्याचें उत्तर दिलें तें असें कीं, तेथें लोहाची उणीव आहे. हें उत्तर इतके दिवस कोणास सुचूं नये याचें कारणही मौजेचें आहे. ज्या जहाजांतून पाणी मोजावयाचें तें जहाजच लोखंडाचें. त्याच्या गंजाचा अंश नमुन्यांत मिसळे आणि समुद्रांत लोह पुष्कळ आहे असें वाटे. मार्टिन यांनीं मोजमापाची शुद्धता पराकाष्ठेस नेली, तेव्हां खरी स्थिति उघड झाली. हिमयुगांत वाऱ्याबरोबर समुद्रांत पडणारी लोहयुक्त धूळ अधिक होती व त्या काळीं हवेंतील कर्बाम्लवायु कमी होता, या दोन गोष्टींचा संबंधही त्यांनीं जोडून दाखविला. १९८८ सालीं वुड्स होल येथील एका व्याख्यानांत ते अर्ध्या थट्टेनें म्हणाले कीं, मला अर्धें जहाज लोखंड द्या, मी तुम्हांस हिमयुग आणून देतों. थट्टेंतले शब्द कधीं कधीं शास्त्रज्ञाच्या ग्रंथांपेक्षां दूर जातात, तसें या वाक्याचें झालें.

मार्टिन १९९३ सालीं वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या सहकाऱ्यांनीं गालापागोस बेटांनजीक समुद्रांत लोह मिसळून पहिला प्रयोग केला आणि १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगांत निळें पाणी कांहीं दिवसांतच हिरवें झालें. मार्टिन यांचें मूळ अनुमान बरोबर होतें. पुढें २००९ पर्यंत निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनीं असे डझनभर प्रयोग केले.

येथवर हा शास्त्राचा इतिहास झाला; व्यापाराचा इतिहास येथूनच सुरू होतो. ज्या हिराकशीपासून आपल्याकडे पूर्वीं शाई करीत, तीच हिराकस या प्रयोगांत वापरतात. पोलादाच्या कारखान्यांत ती दुय्यम पदार्थ म्हणून निघते व अत्यंत स्वस्त असते. उलट पक्षीं, लोहाच्या एका परमाणूच्या आधारें या वनस्पति कर्बाचे सुमारें एक लक्ष परमाणु ग्रहण करूं शकतात. या प्रमाणानें पाहतां एक टन लोहामागें वीस हजार टनांहून अधिक कर्ब पदरांत पडावा. कागदावरील या गणितानें उद्योगी माणसांचे डोळे दिपले तर नवल नाहीं. अमेरिकेंत या पद्धतीचे एकाधिकार नोंदले गेले, कंपन्या निघाल्या, आणि टनास अवघे कांहीं डॉलर खर्चून हवा शुद्ध करूं, असें सांगण्यांत येऊं लागलें.

परंतु या गणितांत एक मोठी फट आहे. पाणी हिरवें झालें म्हणजे कर्ब पुरला गेला असें होत नाहीं. त्या सूक्ष्म वनस्पति मेल्या किंवा प्राण्यांनीं खाल्ल्या कीं त्यांतील बहुतेक कर्ब पुन्हां पाण्यांत व तेथून हवेंत परत जातो. जो अंश हजार मीटरच्या खालीं बुडतो तोच शेंकडों वर्षें खालीं राहण्याची आशा. शिवाय एका ठिकाणीं नत्र व स्फुरद संपलें तर प्रवाहाबरोबर पुढें जाणाऱ्या पाण्यांत तें कमी पडणार; म्हणजे येथें जमा दाखविलेला कर्ब हजार मैलांवर दुसऱ्याच कोणाच्या खात्यांत खर्चीं पडणार. विकणारा मोजतो तें पृष्ठभागावरील हिरवेपण. घेणाऱ्यास हवें असतें तें तळाशीं बुडालेलें वजन. या दोहोंमधील अंतर एक हजार मीटर पाण्याचें आहे आणि तेथें कोणाचीही तागडी पोंचत नाहीं.

ही अडचण केवळ समुद्रापुरतीच नाहीं. १९९७ च्या क्योतो करारानें देशादेशांत उत्सर्जनाच्या हक्कांची देवघेव सुरू केली, तेव्हां झाडें लावून मिळणाऱ्या पावत्यांचा प्रश्न उभा राहिला. झाड आज उभें असेल, परंतु उद्यां तें जळालें किंवा तोडलें गेलें तर? २००३ सालीं मिलान येथील परिषदेंत यावर तोड निघाली ती अशी कीं, वनांच्या पावत्या मुदतीच्या असाव्या. मुदत संपली कीं घेणाऱ्यानें त्या भरून द्याव्या. म्हणजे वनांतील कर्ब हा विकत दिलेला माल नसून भाड्यानें दिलेली जागा आहे, हें तत्त्व मान्य झालें. तत्त्व उत्तम होतें. परंतु मुदतीची पावती घेण्यास बाजार फारसा राजी झाला नाहीं. गिऱ्हाईकास कायमचा माल स्वस्त दरानें हवा असतो. समुद्रांतील लोखंडास तर या करारांत स्थानच नव्हतें. म्हणून त्याच्या पावत्या खासगी, ऐच्छिक बाजारांत खपविण्याचा विचार झाला, जेथें तपासनीस नेमण्याची सक्ति कोणावरही नव्हती.

२००७ सालीं प्लँक्टॉस नांवाच्या अमेरिकन कंपनीनें गालापागोसच्या पश्चिमेस सुमारें दहा हजार चौरस किलोमीटर समुद्रांत लोखंड टाकण्याचा बेत जाहीर केला, तेव्हां प्रश्न एकदम तीव्र झाला. समुद्र तेथें कोणत्याच राष्ट्राचा नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें हटकल्यावर परक्या निशाणाच्या जहाजाचा उपयोग करण्याची गोष्ट पुढें आली. मग अटकाव करावयाचा कोणीं? समुद्रांत केरकचरा टाकण्यास बंदी करणारा १९७२ चा लंडन करार तेवढा उपलब्ध होता. परंतु त्या कराराप्रमाणें, निव्वळ टाकून देण्याखेरीज अन्य हेतूनें एखादी वस्तु समुद्रांत ठेवली तर ती कचरा ठरत नाहीं. मात्र तसें ठेवणें कराराच्या उद्देशास विरुद्ध नसावें. लोखंड टाकणारा म्हणे, मी टाकीत नाहीं, पेरीत आहें. शब्दांच्या या खेळावर महासागराचें भवितव्य अवलंबून होतें. त्या वर्षीं लंडन करारांतील राष्ट्रांनीं चिंता व्यक्त केली. कंपनीचा बेत मात्र कायद्यानें नव्हे, तर पैशाच्या टंचाईनें २००८ च्या आरंभीं बारगळला.

२००८ हें या इतिहासांत निर्णायक वर्ष होय. मे महिन्यांत जर्मनींतील बॉन येथें जीववैविध्य कराराच्या परिषदेनें ठराव केला कीं, पुरेसा शास्त्रीय आधार व देखरेखीची व्यवस्था होईपर्यंत समुद्रांत असें खत घालूं नये. अपवाद फक्त किनाऱ्यालगतच्या पाण्यांतील लहान प्रयोगांचा. पुढें ऑक्टोबरांत लंडन कराराच्या राष्ट्रांनीं निराळी रेषा आंखली. त्यांनीं जागा किंवा आकार न पाहतां हेतु पाहिला आणि खऱ्या शास्त्रीय संशोधनास मोकळीक देऊन इतर सर्व प्रकार कराराच्या उद्देशास विरुद्ध ठरविले. एकाच कृत्यास दोन दरबारांनीं दोन मापें लाविलीं. या दोन मापांच्या मध्यें जें जहाज सांपडलें त्यावर भारतीय व जर्मन शास्त्रज्ञ होते.

गोव्यांतील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. या संस्थेनें जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेशीं मिळून दक्षिण अटलांटिकांत एक मोठा प्रयोग करण्याचें ठरविलें आणि त्यास ‘लोहाफेक्स’ असें नांव दिलें. त्यांतील ‘लोह’ आपला. ‘फेक्स’ हा खतप्रयोग या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप. भारताच्या बाजूनें वजीह नकवी व जर्मनीच्या बाजूनें व्हिक्टर स्मेटाचेक हे प्रमुख होते. ७ जानेवारी २००९ रोजीं ‘पोलारस्टर्न’ हें जर्मन संशोधन जहाज केपटाउनहून निघालें. जहाज समुद्रांत असतांनाच किनाऱ्यावर वादळ उठलें. कांहीं पर्यावरणवादी संघटनांनीं हा प्रयोग बॉनच्या ठरावाचा भंग करणारा आहे असा आक्षेप घेतला. ती परिषद जर्मनीच्याच भूमीवर भरली होती, तेव्हां जर्मन पर्यावरण खात्यास संकोच वाटला आणि संशोधन खात्यानें लोह टाकण्याचें काम थांबविण्यास सांगितलें. स्वतंत्र शास्त्रज्ञांचे व कायदेपंडितांचे अभिप्राय मागविण्यांत आले आणि २६ जानेवारीस परवानगी मिळाली. त्या दिवशीं भारताचा प्रजासत्ताक दिन होता हा केवळ योगायोग; परंतु एका जहाजावर दोन देशांचे शास्त्रज्ञ बर्लिनच्या निरोपाची वाट पाहत होते, हें चित्र सत्तेच्या प्रश्नाचें मर्म दाखवितें. समुद्र कोणाचाच नव्हता, म्हणून निर्णय शेवटीं जहाज ज्याचें त्याचा झाला.

प्रयोगाचें फळ काय? एका मोठ्या भोंवऱ्याच्या गाभ्यांत सुमारें तीनशें चौरस किलोमीटर पाण्यांत लोह मिसळून शास्त्रज्ञांनीं ३९ दिवस निरीक्षण केलें. पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पति दुप्पट झाल्या. पुढें वाढ थांबली. ज्या वनस्पतींना वाळूच्या जातीच्या सिलिकेचें कवच असतें व ज्या जड असल्यामुळें बुडतात, त्यांना लागणारी सिलिका त्या पाण्यांत आधींच संपलेली होती. जीं कोंवळीं, कवचहीन शेवाळें वाढलीं, तीं लहान कवचधारी जीवांनीं खाल्लीं, व त्या जीवांना त्यांहून मोठ्या जीवांनीं खाल्लें. खोलांत फारच थोडा कर्ब गेला. संशोधकांनीं हें जसेंच्या तसें जाहीर केलें. याउलट २००४ सालीं याच महासागरांत झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें वाढलेल्या वनस्पतींपैकीं निदान अर्ध्या हजार मीटरच्या खालीं बुडाल्या होत्या. म्हणजे एकच समुद्र, एकच लोखंड, आणि फळ मात्र एकदां बरेंच व एकदां जवळजवळ शून्य. अशा मालास ठराविक भाव लावणें म्हणजे पाऊस पडण्यापूर्वीं पिकाची पावती फाडण्यासारखें आहे. आणि ही गोष्ट आपणांस ज्यांनीं सांगितली त्यांना विकावयाचें कांहींच नव्हतें, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावें.

यापुढील प्रकरण अधिक विषादकारक आहे. जुलै २०१२ मध्यें कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा ग्वाई बेटांजवळ सुमारें शंभर टन हिराकस समुद्रांत टाकण्यांत आली. ओल्ड मॅसेट येथील हैदा लोकांच्या गांवानें कर्ज काढून या कामीं सुमारें पंचवीस लक्ष डॉलर घातले होते. सामन मासे परत यावे व कर्बाच्या पावत्या विकून कर्ज फिटावें, अशी त्यांची आशा होती. पूर्वींच्या प्लँक्टॉस कंपनीचे प्रमुख याही कामांत सामील होते. ही वार्ता ऑक्टोबरांत जगास कळली, तोंपर्यंत लोखंड विरघळून गेलें होतें. मासे कमी झाल्यानें ज्यांची उपजीविका खालावली त्या लोकांना दोष देण्यास आमची लेखणी उचलत नाहीं. परंतु इतकें म्हटलें पाहिजे कीं, दूरच्या बाजारांतील एका अनिश्चित वस्तूचा धोका शेवटीं कोणाच्या शिरावर पडला, तर तो एका लहान गांवाच्या शिरावर पडला.

ऑक्टोबर २०१३ मध्यें लंडन कराराच्या उत्तरकराराची राष्ट्रें पुन्हां जमलीं आणि त्यांनीं शास्त्रीय संशोधनाखेरीज समुद्रांत खत घालण्यास बंधनकारक मनाई करणारी दुरुस्ती मंजूर केली. परंतु ती अमलांत येण्यास दोनतृतीयांश राष्ट्रांची अधिकृत संमति लागते, आणि पुढच्या दहा वर्षांत ती मिळाली नाहीं. दरम्यान लोहाफेक्ससारखी मोठी शास्त्रीय मोहीमही दहा वर्षांत पुन्हां निघाली नाहीं. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे या सर्व कायद्यांचा ताळेबंद दिसतो. जे विचारून गेले ते अडले. जे न विचारतां गेले ते जाऊन आले. निर्बंध नसावे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो निर्बंध प्रामाणिकास कळतो व दुसऱ्यास कळत नाहीं, तो अपुरा आहे.

आज हा विषय समुद्रापुरता राहिलेला नाहीं. २०२१ सालीं आइसलंडांत वर्षाला चार हजार टन वायु हवेंतून खेंचून खडकांत जिरविण्याच्या अपेक्षेनें एक यंत्रगृह उभें राहिलें. येथें वायु नळींतून जातो, म्हणून त्याचें माप घेतां येतें. परंतु एका टनास शेंकडों डॉलर पडतात, आणि जगांतील धुराडीं चार हजार टन वायु चार सेकंदांच्या आंत बाहेर टाकतात. २०२२ सालीं कांहीं बड्या कंपन्यांनीं असा माल आगाऊ घेण्यासाठीं ९२.५ कोटी डॉलरांचें वचन दिलें, ही गोष्ट स्तुत्य आहे. कारण महाग माल पहिल्यानें कोणी तरी घेतल्यावांचून स्वस्त होत नाहीं. तरी मूळ पेंच कायम आहे. जें स्वस्त तें मोजतां येत नाहीं आणि जें मोजतां येतें तें स्वस्त नाहीं. बाजार आपल्या स्वभावाप्रमाणें स्वस्ताकडे धांवणार, आणि मोजमाप हेंच या मालाचें अर्धें मोल असल्यामुळें स्वस्त मालांत नेमकें तें अर्धें मोल गाळलेलें असणार.

यावरून आमच्या मतें तीन गोष्टी ठरतात. पहिली, मोजणारा व विकणारा हे दोन वेगळे असले पाहिजेत, आणि मोजणाऱ्याचें वेतन विक्रीवर अवलंबून नसावें. दुसरी, कर्ब परत हवेंत आला तर भरपाई कोणीं व किती वर्षें करावयाची हें पावतीवरच लिहिलेलें असावें. कंपनी बुडाली तरी ती जबाबदारी बुडूं नये. तिसरी, अज्ञात क्षेत्रांतील पहिलीं पावलें सार्वजनिक पैशानें, उघडपणें, अनेक राष्ट्रांच्या संमतीनें पडावीं. संमति देणारें द्वार मात्र एकच असावें आणि तें वेळेवर उघडणारें असावें. या शेवटच्या गोष्टींत आपल्यासारख्या देशांचा विशेष हितसंबंध आहे. हवेंत हा वायु भरण्यांत ज्यांचा वांटा मोठा, त्यांनींच तो काढण्याचे नियम एकट्यानें करावे आणि समुद्राच्या आसऱ्यानें जगणाऱ्यांनीं ते निमूटपणें पाळावे, हा न्याय नव्हे. त्या नियमांच्या सभेंत बसण्याचा अधिकार ज्ञानानेंच मिळतो, आणि गोव्याच्या संशोधकांनीं दक्षिणेच्या थंड समुद्रांत जाऊन तो आपल्यासाठीं कांहीं अंशीं मिळवून ठेवला आहे. त्यांनीं आणलेलें उत्तर नकाराचें होतें. तरी हवेंतील ऋण फेडावयास निघालेल्या जगास, कोणतें नाणें चालणार नाहीं हें वेळीं सांगणाराही उपकारकर्ताच समजला पाहिजे.